गाणं कुठलंही लावा, नावं दोन्ही वाचा

न्हावऱ्यात कुणा बाईच्या अंगात आलं, तर तिच्या घरचे मला चुकूनही बोलवायचे नाहीत. कारण मी जाऊन सगळ्यांसमोर सांगायची, "हिला जेवण जात नाही नीट, रक्त तपासा हिचं." दोघीतिघींचं तर कमीच निघालं होतं! रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर मी मुद्दाम त्यावरून चालत जाते. वय सदुसष्ट झालं माझं... चिंचेखाली, विहिरीवर, ओढ्याला, कुठं कुठं गेले असेन, पण काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. तेव्हा असल्या अनुभवांच्या पानावर माझ्यासारखीनं लिहावं हे माझं मलाच पटत नाही. पण सायली, म्हंजी माझी नात, म्हणाली, "आजी, रोज मला तेच तेच सांगतीस. एकदा लिहून काढ, मोकळी होशील." मोकळी होईन असं काही वाटत नाही. तरी लिहिते. जोडाक्षरं सायलीनं तपासलीत, बाकी सगळं माझं आहे.

आमचं घर शिरूर-दौंड रस्त्यापासून थोडं आत. पुढं ओसरी, ओसरीला डाव्या अंगाला खिडकी आणि खिडकीखाली लोखंडी खाट. ह्या खाटेवर माझे मालक दोन वर्षं पडून होते. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही इथं आप्पाच लिहिते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. त्या हाताचं बोट ते खाटेच्या नळीवर वाजवायचे. एकदा टक म्हंजी हो, दोनदा टक-टक म्हंजी नाही. दोन वर्षं आमचा संसार ह्या दोन शब्दांवर चालला. "चहा देऊ?" टक. "कूस बदलू?" टक. "आपल्या सुनीलला शेतावरनं बोलवू का?" टक-टक.

सायली सुनीलची मुलगी. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बुधवारी तिला सुट्टी. कानात सदा ती पांढरी बोंडं. आप्पा नुसते छताकडं बघत पडलेले असतात हे तिला बघवेना, म्हणून तिनं तिचा जुना टॅब आणला आणि त्यावर गाणी लावून दिली. स्ट्रीमिंग म्हणतात त्याला. मी म्हटलं, चांगलं झालं. पण त्या यंत्राची एक गंमत आहे बघा... तुम्ही एक अभंग शेवटपर्यंत ऐकला, की त्याला वाटतं ह्यांना हेच आवडतं. मग अभंगामागून अभंग, अभंगामागून अभंग. चार दिवसांत आप्पांनी नळीवर टक-टक सुरू केलं.

"आजोबा, काय नको? भजन नको? लावणी लावू का?" सायली हसत म्हणाली.

टक-टक.

"नाटकातली गाणी?"

टक-टक.

"मग पाहिजे तरी काय ह्यांना? आजी, जगातली सगळी गाणी आहेत ह्याच्यात!"

मला माहीत होतं त्यांना काय पाहिजे. माणूस पाहिजे होता. गाण्याच्या आधी कुणीतरी बोलणारं, वेळ सांगणारं, नाव घेणारं. पण मी गप्प राहिले. कारण आमच्या घरात चाळीस वर्षं रेडिओ लागला नव्हता, आणि तो का लागला नव्हता ते सायलीला माहीत नव्हतं.

तिला कुठनं तरी ते दुसरं सापडलं. टॅबवर पृथ्वीचा गोळा येतो, बोटानं फिरवायचा. त्यावर हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हंजी एका गावाचा रेडिओ. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावात त्या क्षणाला जे लागलंय ते आपल्या ओसरीत. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा लावलं तेव्हा मी टॅब धरायला पुढं झाले. मला वाटलं आप्पा आता टॅबच खाली ढकलून देतील. पण आप्पांनी मान वळवली. कुणीतरी बाप्या कुठल्यातरी भाषेत भराभरा बोलत होता.

"बंद करू का?" मी विचारलं.

टक-टक.

तेव्हापासून रोज तेच. कुठं पहाट झालेली असायची आणि आमच्याकडं उन्हं कलायची. एक बाई इतक्या घाईनं बोलायची, मी म्हटलं, "ही नक्की कांद्याचे भाव सांगतीय." आप्पांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. सायलीला मात्र ते पटत नव्हतं. "काय कंटाळवाणं आहे आजी हे! स्किप करता येत नाही, मागं घेता येत नाही, आवडलं तर सेव्ह करता येत नाही. गाणं ऐकणाऱ्या माणसाला काय उपयोग ह्याचा? त्यांना वाटंल ते ते लावणार, आपण ऐकत बसायचं."

मी म्हटलं, "आमच्या वेळी असंच असायचं, बाई."

"म्हणून तर तुमची वेळ गेली," ती म्हणाली. चेष्टेत म्हणाली, पण लागलं मला.

आता ते सांगावंच लागेल.

सुनीलच्या आधीची आम्हाला एक मुलगी होती. नंदा. बारा वर्षांची होऊन गेली. हृदयाच्या झडपा खराब होत्या तिच्या. पुण्याला दाखवलं, सगळं केलं, शेवटी डॉक्टर म्हणाले घरी ठेवा, उठू देऊ नका. तिची खाट ह्याच खिडकीखाली होती. मी तिसरीतनं शाळा सोडलेली, अक्षरं पार विसरून गेलेली. पडल्या पडल्या तिनं मला परत वाचायला शिकवलं. "आई, हे बघ, ह्याला वेलांटी दिली की काय होतं?" असं. माझ्या हाताला धरून पाटीवर गिरवून घ्यायची. मास्तरीण मोठी! चुकलं की माझ्याच हातावर टिचकी मारायची.

बुधवारी दुपारी साडेबाराला रेडिओवर फर्माईश लागायची. तरुण वाचकांना कळावं म्हणून सांगते. पोस्टकार्डावर गाणं लिहायचं, खाली नावं लिहायची, गाव लिहायचं आणि पाठवायचं. वाचणारी बाई गाणं लावायच्या आधी नावं वाचायची. गाणं काय हो, ते कुठंही ऐकू यायचं. लोक नावासाठी बसायचे. चावडीवर पंचायतीचा रेडिओ कर्ण्याला जोडलेला होता, त्यामुळं नाव आलं की सगळ्या न्हावऱ्याला कळायचं. आप्पा तेव्हा दुधाची गाडी घेऊन रोज दौंडला जायचे. गावातली फर्माईशीची सगळी कार्डं त्यांच्याकडं द्यायचे लोक. कारण दौंड स्टेशनात रेल्वेच्या टपालाच्या डब्यात टाकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी पुण्यात पोचायचं, गावातल्या पेटीतलं चार दिवस रेंगाळायचं. आप्पांना त्याचं केवढं कौतुक! "माझ्या गाडीतनं दूध बी जातं आन् गाणी बी जात्यात," म्हणायचे.

नंदाची एक मैत्रीण होती. संगीता. बौद्ध वस्तीतली, तिच्याच वर्गातली. शाळा सुटली की रोज यायची, फळ्यावर काय काय शिकवलं ते सांगायला. आत यायची नाही. म्हंजी आम्ही येऊ द्यायचो नाही... सरळ लिहिते. ओसरीच्या पायरीवर बसायची, नंदा खिडकीतनं बोलायची. तिला तहान लागली की मी तांब्या वरून धरायची आणि ती ओंजळीनं प्यायची. दोघींचं हसणं मात्र इतकं चालायचं की सासूबाई आतनं ओरडायच्या.

एका सकाळी नंदानं माझ्या हातात कार्ड दिलं. "आई, आप्पांना दे दौंडला टाकायला. वाचू नको हां!" आणि स्वतःच हसली, कारण वाचायला तिनंच शिकवलं होतं.

मी चुलीपाशी जाऊन वाचलं. एकेक अक्षर लावत लावत वाचलं. आयुष्यात कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं माझं पहिलं कार्ड ते. त्यावर लिहिलं होतं:

"मुक्काम पोस्ट न्हावरे, तालुका शिरूर. नंदा आणि संगीता. आम्ही दोघी बहिणी. गाणं कुठलंही लावा, पण नावं दोन्ही वाचा."

आणि दोन्ही नावांपुढं आमचं आडनाव.

माझ्या डोळ्यापुढं तो चावडीवरचा कर्णा आला. पारावर बसलेली माणसं आली, आमची भावकी आली. आमच्या आडनावाला वस्तीतली पोरगी, बहीण म्हणून, सगळ्या गावाला ऐकू जाणार... मी ते कार्ड चुलीत घातलं. आप्पा दारात गाडी सुरू करत होते, तेवढ्या वेळात.

इतकी वर्षं मी मनात सासूबाईंना बोल लावायची. त्यांना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, त्यांच्या धाकानं केलं, असं. खोटं आहे ते. सासूबाईंना कार्डाचं माहीतसुद्धा नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझं मीच केलं.

संध्याकाळी नंदानं विचारलं, "आप्पा, टाकलं का कार्ड?" मी मध्येच म्हणाले, "अगं, ह्यांची गाडी निघून गेली होती, मी टपालवाल्याच्या हातात दिलं." आप्पा म्हणाले, "माज्याकडं द्यायचं की ठिवून! आता बसा चार दिस जास्तीचं वाट बघत." मग नंदाला म्हणाले, "येतंय गं, बुधवारी न्हाई तर फुडल्या बुधवारी."

सात बुधवार. सात बुधवार ती पोर साडेबाराला उशाला रेडिओ घेऊन बसली आणि बाहेर पायरीवर संगीता. आप्पा म्हणाले, "दुसरं लिव्ह, मी सोता दौंडला टाकतो." पण तिच्या हातात पेन राहीना, आणि दुसऱ्याच्या अक्षरात तिला नको होतं. "पहिलं येईल ना आप्पा. दोनदा मागितलं तर त्या बाई रागावतील." आठव्या बुधवारच्या आधी गेली.

आप्पांनी रेडिओ माळ्यावर टाकला. वाचणाऱ्या बाईला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या शिव्या दिल्या... "माज्या लेकराचं दोन अक्षरी नाव जड झालं व्हय गं तुला?" मी तिथंच उभी होते. बोलले नाही. एका दिवसात बोलायचं राहिलं ते एका वर्षात बोलवत नाही, आणि एका वर्षात राहिलं ते चाळीस वर्षांत नाही.

तर आता त्या बुधवारचं.

उन्हाळा नुकता लागला होता. ओसरीत एका बाजूला कांदा पसरलेला. सायली सुट्टीची घरी, केस धुवायला न्हाणीत गेलेली. जाताना तिनं टॅब खिडकीत ठेवला आणि गोळा जोरात फिरवून आप्पांना म्हणाली, "आजोबा, आज तुमचं नशीब काढा!" आप्पांच्या बोटाखाली जो ठिपका आला तो लागला. मी नंतर बघितलं, चारी बाजूंनी नुसता समुद्र आणि मध्ये एकच ठिपका. कुठलंसं बेट. तिथं कोरसात गाणं चाललं होतं, देवळात म्हणतात तसलं, संथ. मी कांद्याची पात खुडत बसले होते.

गाणं मध्येच थांबलं. कागद सरकवल्याचा आवाज आला. आणि बाई बोलली. मराठीत.

"मुक्काम पोस्ट न्हावरे, तालुका शिरूर."

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला.

"नंदा आणि संगीता." पुढं आमचं आडनाव घेतलं तिनं. "आम्ही दोघी बहिणी." मग थोडी थांबली. फर्माईशीतली बाई तशीच थांबायची, लहान मुलांचं कार्ड असलं की. हसू दाबल्यासारखी. आणि म्हणाली, "गाणं कुठलंही लावा, पण नावं दोन्ही वाचा."

तेवढंच. गाणं लागलं नाही. पुन्हा तो संथ कोरस सुरू झाला, जिथं थांबला होता तिथनं.

सायली डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "आजी, हे मराठी कुठनं लागलं मध्येच? कोण बाई बोलली?" म्हंजी आवाज तिलाही ऐकू आला होता. शब्द कळले नव्हते, पाण्याच्या आवाजात.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातनं पाणी उशीवर चाललं होतं.

"ऐकलंत?" मी विचारलं.

टक.

"नंदाचं नाव?"

टक.

मग त्यांनी तो हात उलटा केला. तळवा वर. काय म्हणायचं होतं त्यांना? "आलं बघ एकदाचं," असं? की "हे काय आहे, सांग," असं? त्यांना कार्डावर काय लिहिलं होतं ते कधीच माहीत नव्हतं. दुसरं नाव, दोघी बहिणी, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आप्पा साधे होते, पण बुद्धीनं तल्लख. तेवढ्यावरनं त्यांना सगळं कळलं असेल का? कार्ड कुठं गेलं, कुणी घालवलं? माझ्याकडं बघत राहिले. मी कांदे गोळा करायला लागले. विचार करा, कांदे!

सायलीनं जमेल ते सगळं केलं. पहिलं म्हंजी, "मागं घे, परत ऐकव," असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "आजी, लाइव्ह आहे गं. गेलं ते गेलं. ह्याला मागं नसतं." तिनं त्या बेटावरच्या रेडिओला ईमेल लिहिला, इंग्रजीत. आठ दिवसांनी साधंसं उत्तर आलं. त्या वेळेला त्यांच्या स्टुडिओत कुणीच नसतं, कॉम्प्युटर आपोआप भजनं लावतो. मध्ये कुणी बोललेलं नाही. रेकॉर्ड ते ठेवत नाहीत. आणि त्यांच्या बेटावर मराठी काय, हिंदुस्थानातलंच कुणी नाही. पत्र मात्र गोड होतं. "तुमच्या आजोबांना आमचा नमस्कार सांगा," असं शेवटी.

सायली म्हणाली, दुसरं कुठलं तरी मराठी स्टेशन मध्ये घुसलं असेल, नेटचा घोळ असेल. असेल बाई. पण मग ते शब्द? ते कार्ड मी जाळलं. राख सारवणाच्या शेणात गेली. ते शब्द नंदाला माहीत होते आणि मला, असंच मी तेव्हा धरून चालले होते. तुझ्या मनातलं तुला ऐकू आलं असेल, असंही म्हणून झालं तिचं. मग आप्पांचं बोट कशाला वाजलं? त्यांच्या मनात तर ते नव्हतंच कधी.

त्यानंतर आप्पा एकोणीस दिवस जगले. रोज सकाळी तोंड पुसताना मी ठरवायची, आज सांगायचं. माणसाला बोलता येत नाही, ओरडणार नाही, मारणार नाही, उठून जाणार नाही... आणखी किती सोपं पाहिजे होतं मला? तरी जीभ उचलायची नाही. दुपारी ते टॅबकडं बघायचे, मी त्याच ठिपक्यावर बोट ठेवायची. संथ कोरस. बुधवारी साडेबाराला तर आम्ही दोघं श्वास धरून. नुसता कोरस.

अठराव्या दिवशी सायली कामावर, सुनील शेतावर. मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अहो... नंदाचं ते कार्ड... मी..."

त्यांनी हात सोडवून घेतला. नळीवर वाजवलं. टक-टक.

नाही.

नाही म्हंजी काय हो? सांगू नकोस, मला कळलंय? की सांगू नकोस, मला ऐकायचं नाही? की माफ करायचं नाही? दोनच शब्द होते आमच्याकडं, आणि त्यातला हा एक. मी विचारायला पाहिजे होतं पुढं. "रागावलात का?" एवढं विचारलं असतं तरी एक टक किंवा दोन टक मिळाले असते. नाही विचारलं. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर गेलेले होते.

दहाव्यानंतर संगीता आली. दौंडला असते ती, शाळेत बाई आहे, आता पन्नाशी ओलांडलीय. चाळिशी लावते, केस पिकलेत. स्कूटीवर आली आणि येऊन बसली कुठं, तर ओसरीच्या पायरीवर. त्याच.

"आत ये गं. खुर्ची देते."

"इथं बरी आहे, काकू. सवय आहे." टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

मी पाणी आणलं, पेल्यातनं. तिनं घेतलं. आप्पांबद्दल बोलली, दुधाच्या गाडीतनं एकदा त्यांनी तिला परीक्षेला दौंडला नेलं होतं ते बोलली. पुढं बसवलं होतं, शेजारी. मला माहीतच नव्हतं. आणि आप्पांपुढं जे अठरा दिवसांत जमलं नाही ते मी तिच्यापुढं ओकले. कार्ड, चूल, सगळं. रेडिओवरचंही सांगितलं.

तिनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "दोघी बहिणी, असं लिहिलं होतं ना? मला सांगितलं होतं तिनं."

"होय."

"काकू, मला इतकी वर्षं काय वाटत होतं, सांगू? आम्ही खोटं आडनाव लावलं, ते त्या बाईंनी ओळखलं. म्हणून कार्ड बाजूला टाकलं. म्हंजे माझ्यामुळं नंदाचंही नाव आलं नाही. तिनं एकटीनं लिहिलं असतं तर आलं असतं." ती माझ्याकडं बघत नव्हती, खिडकीकडं बघत होती. "ती गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिची शेवटची इच्छा माझ्यामुळं राहिली असं घेऊन मी मोठी झाले. शाळेत हजेरी घेताना अजून एखाद्या मुलीचं नाव चुकून राहिलं तर मला घाम फुटतो."

मी तिच्या पायाशी वाकायला गेले. तिनं पाय मागं घेतले.

"नको. रडू पण नका. तुमची समजूत काढायचं माझ्याच्यानं होणार नाही, काकू. खरंच होणार नाही." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दोन्ही नावं वाचली?"

"दोन्ही वाचली गं. आधी तिचं, मग तुझं."

"आणि गाणं?"

"गाणं लागलं नाही."

ती उठली, साडी झटकली. गाडीला किल्ली लावताना म्हणाली, "हे तुम्ही कुणाला सांगाल, कुठं लिहाल. लिहा. पण त्यात माझं नाव घेऊ नका. तेव्हा पाहिजे होतं. आता नको." आणि दौंडच्या रस्त्याला लागली. परत आली नाही. फोन लावते मी अधूनमधून, उचलत नाही.

काय होतं ते, मला आजही माहीत नाही. कोण बाई बोलली, जळलेलं कार्ड तिच्या हातात कसं आलं, चाळीस वर्षं ते कुठं फिरत होतं, आणि यायचं तर त्याच दिवशी, आप्पा ऐकू शकत होते पण विचारू शकत नव्हते तेव्हाच का आलं... कुणी वाचकानं सांगितलं तर ऐकेन. देव-भूत सोडून काही सांगा. सायलीचं म्हणणं पटतं मला आता. गाण्याच्या शौकिनानं असला रेडिओ लावूच नये. तुमच्या त्या स्ट्रीमिंगवर पाहिजे ते गाणं लागतं, परत लागतं, तिथं तुमचं नाव कुणी घेत नाही. हे चांगलंच आहे. मी मात्र बुधवारी साडेबाराला त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसते. खाट रिकामी आहे. नळीवर कधी कधी मीच बोट वाजवून बघते. एकदा, मग दोनदा.

आणि एक सांगायचं राहिलं. वर मी संगीता, संगीता लिहीत आले, ते तिचं नाव नव्हे. खरं नाव मला येतं. त्याला वेलांटी कुठं द्यायची ते नंदानं पाटीवर गिरवून घेतलं होतं माझ्याकडून. पण ते लिहायला तिनं मना केलंय, आणि आता तरी तिचं ऐकायला पाहिजे.

म्हंजी ह्या वेळी एकच नाव गेलं. दुसरं ह्याही वेळी मीच ठेवून घेतलं.